बोहरी आळीत, कचरापेट्यांसाठी कुलपं निवडताना

शेठ काउंटरवर जुनं वर्तमानपत्र अंथरतात आणि त्यावर एकेक कुलूप मांडत जातात. पितळी, पोलादी, पत्र्याचे थर रिव्हेट करून बनवलेलं, काळं रबरी आवरण घातलेलं, आकडे फिरवायचं. दुकान पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आहे. तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला पायरीवरच थांबावं लागतं. भिंतीवर बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे तारेत ओवून टांगलेत. बाहेर पाऊस आहे, आणि हमाल डोक्यावर गोणपाट घेऊन पाइपांची हातगाडी गर्दीतून काढतायत.

"कुठल्या दाराला लावायचंय?" शेठ विचारतात.

"दाराला नाही, कचरापेट्यांना," फुलवाले काका सांगतात. भाजीबाजारातल्या गाळेवाल्यांचे ते पुढारी. पालिकेच्या आरोग्य कोठीतून परवानगी त्यांनीच मिळवली आहे.

शेठ मांडलेल्यांपैकी सगळ्यात चकचकीत दोन कुलपं उचलून परत खोक्यात ठेवतात. "ही जस्ताच्या मिश्रधातूची आहेत. वरून मुलामा. कपाटाला ठीक. कचऱ्याच्या पाण्यापुढे टिकणार नाहीत."

ते म्हणतात ते खरं आहे. उघड्यावरच्या कुलपाबद्दल बोलताना लोक पावसाचाच विचार करतात. पण ओला कचरा कुजायला लागला की त्यातून सुटणारं पाणी आम्लयुक्त असतं, आणि पेटीच्या काठावरून ओघळत ते नेमकं कडी-कोयंड्यावर येतं. लोखंडाला तिथे आधी खड्डे पडतात, मग कडी अडकते, आणि एके सकाळी कामगार वैतागून दगड घालतो. आमच्या बाजाराच्या कडेला असलेल्या मोठ्या पेटीचं जुनं कुलूप असंच गेलं. कोणी चोरलं नाही, कोणी तोडायलाही आलं नव्हतं. ज्याला ते रोज उघडायचं होतं त्यालाच ते फोडावं लागलं.

म्हणून आज आम्ही मावशींना सोबत आणलं आहे. त्या या बाजाराचा आणि मागच्या तीन गल्ल्यांचा कचरा गोळा करतात, 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. काउंटरवरच्या एकाही कुलपाला त्यांनी अजून हात लावलेला नाही. त्या पिशवीतून हातमोजे काढतात, जाड, रबरी, तळव्याला खरखरीत. पायरीवर जातात, पन्हळीखालच्या धारेत मोजे भिजवतात आणि घालून परत येतात.

"आता द्या," त्या म्हणतात.

शेठ क्षणभर काउंटरवरच्या वर्तमानपत्राकडे पाहतात, मग चाळीस मिलिमीटरचं पितळी कुलूप पुढे करतात. मावशी चावी धरायला जातात. चावीचं डोकं मोज्याच्या दोन बोटांत मावत नाही, ती निसटून खाली पडते. त्या उचलतात, पुन्हा लावतात, उलटी लागते. सुलटी करून फिरवतात. कुलूप उघडतं, पण तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्या हातातून ते सुटतं.

"हे पेटीत पडलं म्हंजे मी हात घालून हुडकायचं," त्या म्हणतात. "ओल्या कचऱ्यात. काचा असत्यात तिथं."

काका आकड्यांचं कुलूप उचलतात. त्यांची सुरुवातीपासून हीच पसंती आहे. चावी हरवायची भानगड नाही, चार आकडे सगळ्यांना सांगून टाकायचे. मावशी ते हातात घेऊन डोळ्यांजवळ नेतात. "काका, मी सहाला येते. थंडीत तवा अंधार असतो. खांबावरला दिवा पार तिकडं. आकडं दिसनार कसं?"

काकांकडे उत्तर नाही. माझा आणखी एक आक्षेप आहे, तो मी मांडते: बाजारात पन्नास जणांना ठाऊक असलेला आकडा आठवड्याभरात सगळ्या पेठेला ठाऊक होतो, आणि तो बदलायचं काम कोणाकडेच नसतं. शिवाय त्या फिरत्या चकत्यांच्या फटींत चिखल बसला की आकडा बरोबर असूनही कडी सुटत नाही.

शेठ आता खरे रंगात येतात. काउंटरखालून एक जुनं उघडलेलं कुलूप काढून त्याचं पोट आम्हाला दाखवतात. हे पिनांचं. आत बारीक पिनांची रांग, प्रत्येकीवर स्प्रिंग. धूळ आत गेली की एखादी पिन अडकते आणि चावी फिरत नाही. लोक मग तेल सोडतात. तेलाने दोन दिवस बरं वाटतं, पण तेलाला धूळ चिकटते आणि तिचा लगदा होतो. "पेन्सिलीच्या शिशाची पूड टाका," ते सांगतात. "ग्राफाइट. कोरडं राहतं." मग ते दुसरं कुलूप पुढे ठेवतात. त्याची चावी दात असलेल्या पट्टीसारखी दिसत नाही, अर्धगोल सळईवर तिरक्या खाचा आहेत. हे चकत्यांचं. आत स्प्रिंगा नाहीत, एकावर एक चकत्या आहेत, चावी त्यांना फिरवून एका रेषेत आणते आणि उघडते. धुळीत आणि ओलीत या जातीचं कुलूप जास्त टिकतं, कारण अडकायला आत स्प्रिंगच नाही. ही रचना 1907 साली फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन या कारागिराने शोधली, आणि बर्फाच्या प्रदेशात ती एवढी का रुजली हे चावी फिरवताना हाताला कळतं. मावशी ओल्या मोज्याने फिरवून पाहतात. चावीचं डोकं मोठं आहे, बोटांत बसतं.

"हे बरं हाय."

"महाग आहे," शेठ प्रामाणिकपणे सांगतात. "सगळ्या पेट्यांना लावाल तर वर्गणी पुरायची नाही."

इथे मला थांबून विचारावंसं वाटतं की आपण कशाचं रक्षण करतोय. पेटीत सोनं नाही. मग कुलूप कोणाविरुद्ध? काका बोटांवर मोजायला लागतात: गाई झाकण उचलून प्लास्टिकसकट भाजी खातात, कुत्री पिशव्या ओढून रस्ताभर पसरतात, रात्री बाहेरची माणसं दुचाकीवरून येऊन बांधकामाचा राडारोडा टाकतात, कोणीतरी काडी लावतं, आणि खांबावरच्या स्टीलच्या बादल्या चोरीला जातात. ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत. एकाच जातीच्या कुलपाने ती बरी होणार नाहीत, आणि दुकानात येऊन "एक डझन द्या" म्हणणारी सगळीच मंडळं इथेच चुकतात असं माझं ठाम मत आहे.

सार्वजनिक कचरापेटीला दोन तोंडं असतात. एक टाकायचं, एक काढायचं. टाकायचं तोंड सतत उघडं हवं, कुलूप फक्त काढायच्या तोंडाला. ही साधी गोष्ट विसरली की काय होतं ते आमच्या पलीकडच्या चौकात सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथे बाहेरच्यांनी कचरा टाकू नये म्हणून मोठ्या पेटीच्या झाकणालाच कुलूप घातलं. बाहेरचे यायचे थांबले नाहीत. त्यांनी आणि आतल्यांनीही पिशव्या पेटीच्या पायाशी ठेवायला सुरुवात केली. पेटी आतून रिकामी, भोवती ढीग, ढिगावर कुत्री. तो ढीग हाताने गोळा करणारी बाई मावशींच्याच गटातली होती.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वलांपासून वाचवायच्या पेट्यांना किल्ली नसते, हे मी काकांना सांगते. दारावर पत्र्याची खोळ असते, तिच्याखाली हात घालून आतला खटका दाबायचा. माणसाचा हात आत जाऊन बोटं वळवू शकतो, अस्वलाचा पंजा नाही. सिडनीच्या उपनगरांत पांढरे काकाकुवा चोचीने झाकणं उघडायला शिकले, एकाचं पाहून दुसरा शिकला, आणि 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर संशोधन छापून आलं. तिथल्या रहिवाशांपुढे अडचण अशी की झाकण पक्कं बांधलं तरी कचऱ्याची गाडी पेटी उलटी करते तेव्हा ते उघडलं पाहिजे. म्हणून काही जण असा खटका लावतात जो पेटी कलली की वजनाने आपोआप सुटतो. तिथेही प्रश्न आमच्यासारखाच आहे: कोणाला थांबवायचं आणि कोणाला सहज आत येऊ द्यायचं.

"आपल्याकडं अस्वल न्हाई," मावशी म्हणतात, "पर गाय लई हुशार हाय."

गाईसाठी कुलूप लागतच नाही, यावर शेठ आणि मी एका मिनिटात सहमत होतो. ओल्या कचऱ्याच्या दोन मोठ्या पेट्या, अकराशे लिटरच्या, चाकांच्या. त्यांना झाकणावरून आडवी लोखंडी पट्टी आणि साखळीला बांधलेली जाड खुंटी. भाजीवाला एका हाताने खुंटी ओढेल, गाईच्या तोंडाला ते जमणार नाही. शेठ एक आपोआप बंद होणारा खटकाही दाखवतात, झाकण आपटलं की पक्का बसतो. मी तो नको म्हणते. थंड देशांत अशा मोठ्या पेट्यांत आडोशाला झोपलेली माणसं पेटी गाडीत उलटल्यावर दगावली आहेत. आमच्या बाजारात रात्री हमालांची पोरं लपाछपी खेळतात. पोर आत असताना आपटलं की आपोआप पक्कं बसेल असं झाकण मला त्या पेट्यांवर नको आहे. यावर कोणी चर्चा करत नाही. शेठ खटका उचलून ठेवतात.

खांबांवरच्या जोडबादल्यांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. स्टीलच्या बादल्या दोन बाजूंच्या खिळ्यांवर झुलतात, रिकाम्या करताना उलट्या करायच्या. चोर त्या नुसत्या वर उचलून काढतो आणि भंगारात विकतो. काकांना त्यांना मोठं कुलूप घालायचं आहे. शेठ कागदावर आकृती काढतात. "कुलूप घातलंत तर चोर कुलपाला हातच लावणार नाही. तो कोयंड्याचे स्क्रू काढेल. नाहीतर खिळ्यावरून बादली काढेल." मग ते खिळ्याच्या टोकाला गोल करतात. "इथे वॉशर लावून वेल्डिंग मारा. बादली झुलेल, पण निघणार नाही. मग कुलपाचं काम फक्त ती उलटी होऊ न देण्याचं. त्याला पॅनल लॉक पुरे."

पॅनल लॉक म्हणजे विजेच्या पेट्यांना असतं ते, तिकोनी भोकाचं. एकच तिकोनी चावी सगळ्यांना चालते. मोठी टी आकाराची मूठ, मोज्यातही धरता येते, अंधारातही भोक बोटाने सापडतं. आत एक पोलादी जीभ पाव फेरा फिरते, बस. धूळ बसायला जागाच कमी. कोणीही बाजारातून अशी चावी आणू शकतो, हा काकांचा मुद्दा रास्त आहे. पण खिळ्याला वॉशर वेल्ड केलेला असेल तर चावी आणून चोराच्या हाती लागेल काय, तर सांडलेला कचरा. तेवढ्यासाठी कोणी चावी विकत आणत नाही.

मावशी तिकोनी चावी फिरवून पाहतात. पहिल्या झटक्यात बसते. त्या ती परत देत नाहीत, मुठीत धरून ठेवतात.

राहतो सुक्या कचऱ्याचा पिंजरा. तो बाजाराच्या मागच्या भिंतीला आहे, जाळीचा, पत्र्याचं छप्पर असलेला. दिवसभरात मावशी आणि त्यांची सून सुका कचरा निवडून त्यात ठेवतात: पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, फळांची खोकी. तो विकून येणारे पैसे त्यांचे. पिंजऱ्याला आज नुसती तार आहे. रात्री कोणीतरी ती सोडून पुठ्ठा नेतं, पावसात तर कोरडा पुठ्ठा हमखास जातो. आरोग्य कोठीच्या पाहणीतही पिंजरा "कचरा साठवण" म्हणूनच नोंदला जातो. माझ्या लेखी ते दुकानाचं शटर आहे. त्याच्या आत मजुरी आहे, आणि महागाचं कुलूप लावायचं तर ते इथेच.

हे पुण्यात तरी कोणाला पटवून द्यावं लागू नये. कचरा वेचणाऱ्या बायकांनी 1993 साली डॉ. बाबा आढावांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली, ती मुख्यतः हे सांगायला की कचऱ्यातून मोलाचं निवडणं हे काम आहे आणि ते काम करणारी माणसं कामगार आहेत. त्यांच्याच संघटनेतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि पालिकेशी करार करून घरोघरी जायला लागली. 2016 च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांची दखल घेतली. आणि तरीही, शहरात कुठेही कचरापेटीला कुलूप लावायची टूम निघाली की पहिल्यांदा बाहेर राहतात त्या याच. पेटी बंद, चावी ठेकेदाराकडे. त्यांना हात घालायची मुभा नाही, आणि पुठ्ठा बाटल्यांसकट डेपोवर जाऊन गाडला जातो. कुलूप घालणाऱ्याला वाटतं आपण स्वच्छता केली. त्याने एका बाईची मिळकत जमिनीत पुरलेली असते.

मी हे जरा जोरातच बोलते. शेठ ऐकून घेतात आणि चकत्यांचं कुलूप पिंजऱ्यासाठी वेगळं काढतात. साठ मिलिमीटरचं, पितळी अंग, कडी पोलादी.

"कडी स्टेनलेस नको का?" काका विचारतात.

"समुद्रकाठी हवी. रत्नागिरीला मी तीच पाठवतो, तीही 316 ग्रेडची, साधी नाही. पुण्यात हिच्यावर भागतं." मग ते कडीची उंची बोटाने मोजतात. "लांब कडीचं घेऊ नका. जागा मिळाली की पहार घालतात. आणि कोयंडा असा घ्या की बंद झाल्यावर स्क्रू झाकले जातात." त्या कुलपाची आणखी एक खोड आहे: ते बंद केल्याशिवाय चावी बाहेर निघत नाही. मावशी दोनदा करून पाहतात. घाईत उघडं राहायचं कारणच नाही. आता त्या पहिल्यांदा किंमत विचारतात, आणि काका शेठशी घासाघीस करायला बसतात. घासाघीस बरीच चालते, तिचा तपशील सांगण्यासारखा नाही.

चाव्यांवरून मात्र पुन्हा वाद होतो. पिंजऱ्याच्या कुलपाबरोबर तीन चाव्या येतात. काकांचं म्हणणं, एक गाळेवाल्यांच्या मंडळाच्या कपाटात, एक सफाईच्या मुकादमाकडे, एक मावशींकडे. मावशी मान हलवतात.

"एक माझ्याकडं, एक सुनेकडं. मी आजारी पडले तर तिनं का उघडू न्हाई?"

"आणि मंडळाकडे?"

"मंडळाला पिंजऱ्यात काय काम हाय, काका?"

काका माझ्याकडे पाहतात. मी मावशींच्या बाजूने आहे हे त्यांना ठाऊक आहे. तिसरी चावी शेवटी मंडळाच्या कपाटात जाते, बंद पाकिटात, आगीबिगीच्या वेळेसाठी, आणि पाकीट उघडायचं तर मावशींना फोन करून. मुकादमाला तिकोनी चाव्या, त्या हव्या तेवढ्या.

दुपारी पाऊस उघडल्यावर बाजारात वेल्डिंगवाला येतो. वाल्मीकीनगरच्या गल्लीतला तरुण आहे, हात चपळ. खांबांवरच्या खिळ्यांना वॉशर बसतात, ठिणग्या उडतात, भाजीवाल्या कोथिंबिरीच्या जुड्या मागे ओढतात. पॅनल लॉकसाठी भोकं पडतात. कोयंडा बसवताना तो स्क्रू काढतो, तर काका त्याला शेठची सूचना ऐकवतात: गोल डोक्याचे बोल्ट, नट आतून, आणि बोल्टचं टोक ठोकून बसवायचं, म्हणजे नट पान्याने निघणार नाही. कुलपाचं भोक खाली राहील असा कोयंडा लावायचा, पाणी आत उतरू नये म्हणून. भोकं मारायच्या आधी तो मावशींना विचारतो, "किती उंचीवर पायजे?" हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. मावशी पिंजऱ्यासमोर उभ्या राहतात, एका खांद्यावर भरलं पोतं असल्यासारखा तो खांदा वाकवतात आणि मोकळा हात पुढे करतात. जिथे हात पोचतो तिथे तो खडूने खूण करतो. नेहमीच्या दारापेक्षा ती चांगलीच खाली येते.

कोयंडा बसतो. कुलूप लागतं. मावशी मोजे घालून उघडतात, लावतात, पुन्हा उघडतात. तिसऱ्यांदा हात थांबतो. त्या मोजा काढून अंगठ्याखालचा रबर पाहतात. तिथे चीर गेली आहे.

"इथं धार हाय," त्या कोयंड्याच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवतात. "ही घासून घ्या. चारी बाजूंनी. आन् तिकडं पट्टीवरबी बघा, भाजीवाल्या उघड्या हातानं उघडत्यात."

वेल्डिंगवाला ग्राइंडर पुन्हा जोडतो.